एक थाप माफ, दुसरीचा हिशेब द्या

प्रश्न थोडक्यात असा: "मी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा नागपुरात धरमपेठेत मैत्रिणीच्या घरी जमून विज्ञानकथा वाचतो. मागच्या वेळच्या गोष्टीत यानाचं दार उघडतं आणि आतली डॉक्टर क्षणात गोठून काचेसारखी फुटते. मी म्हटलं, असं होत नाही. तर सगळे माझ्यावरच घसरले. 'गोष्ट आहे ना बे ती, पेपर तपासून राहिली का तू?' आता मला 'इन्स्पेक्टर मॅडम' म्हणतात. अशा गप्पांत खरं विज्ञान आणावं की नाही? आणावं तर किती?"

तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि त्याहून थोडी कमी वर्षं नागपुरातल्याच महाल भागातल्या आमच्या घरी विज्ञानकथा वाचणाऱ्यांची बैठक चालवली. बैठक अजून सुरू आहे. तुझ्या वयाची मुलं माझ्या हाताखालून गेली, म्हणून तुला 'तू'च म्हणतो, राग मानू नकोस. इन्स्पेक्टर मीही होतो. मंडळी माझ्या पाठीमागे मला 'लाल शाई' म्हणायची, आणि हे मला सहा वर्षांनी कळलं.

तुझं म्हणणं बरोबर होतं, पण तू फार लवकर थांबलीस. 'असं होत नाही' म्हणालीस आणि गप्प बसलीस. समोरच्याच्या हातातली गोष्ट गेली आणि बदल्यात त्याला काही मिळालं नाही. मग तो चिडणारच. 'असं होत नाही' म्हटलं की लगेच 'मग काय होतं?' हे आलंच पाहिजे, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे तयार हवं. नसेल तर त्या दिवशी गुपचूप पोहे खावे.

तुझ्या डॉक्टरचं काय होतं ते आधी पाहू. अंतराळ थंड असतं हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. आपल्याकडे डिसेंबरात रात्री अंगणात उभं राहिलं की थंडी वाजते, ती भोवतालची हवा अंगातली उष्णता ओढून नेते म्हणून. निर्वातात ओढून नेणारं कोणी नाही. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढलेली असते, म्हणून चहा तासन्‌तास गरम राहतो. अंतराळात उघडा पडलेला माणूस हा त्या थर्मासमधला चहा आहे. उष्णता जाते ती फक्त प्रारणाने, म्हणजे शरीर अदृश्य अवरक्त किरण फेकतं त्या वाटेने. हिशेब करून बघ. त्वचेचं क्षेत्रफळ पावणेदोन-दोन चौरस मीटर धर, तापमान ३३ अंश. जास्तीत जास्त ९०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडेल. सत्तर किलोच्या शरीराचं तापमान एका अंशाने उतरायला जवळपास पाच मिनिटं लागतील. डोळे, जीभ, नाक इथलं पाणी भराभर उडेल आणि तेवढे भाग गार पडतील, हे खरं. पण आख्खी डॉक्टर काचेसारखी व्हायला तास लागतील, आणि त्याच्या कितीतरी आधी ती प्राणवायूविना गेलेली असेल.

हाच वाद आमच्याकडे झाला होता, आणि त्यात मी तोंडावर आपटलो. तो किस्सा जरा सविस्तर सांगतो.

मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. खिडकीत कूलर घरघरत होता आणि आम्ही दहा-बारा जण त्याच्या झोतात दाटीवाटीने बसलो होतो. वाचलेल्या गोष्टीत एका यानाचं इंजिन बंद पडतं आणि आतली माणसं गारठून मरायला लागतात. मी नेहमीप्रमाणे थर्मास काढला. म्हटलं, उलट होईल. बाकीची यंत्रं चालू असतील तर त्यांची आणि माणसांची उष्णता बाहेर जायला पुरेशी वाट नाही, यानात खरी भीती उकडून मरायची. मग ऐटीत एक वाक्य जास्तीचं बोललो: "आणि तिथे हा कूलरही कामाचा नाही, कारण हवाच नाही."

आमच्यात एक कूलर दुरुस्त करणारे भाऊ आहेत. दहावी झालेले, पण वाचन माझ्यापेक्षा जास्त. एप्रिल-मे त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी रविवार सोडत नाहीत. ते म्हणाले, "सर, थंडावा तं पाणी उडाल्यानं येते ना? हवा फक्त उडालेलं पाणी घेऊन जाते. दमट हवेत कूलर चालत नाही, कारण हवा आधीच पाण्यानं भरून राहते. तिथं तं हवाच नाही. मंग पाणी अजून जोरात उडन, नाही का?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माणूस शंभर टक्के बरोबर होता. मुंबईत कूलर निकामी आणि नागपुरात तोच देव, याचं कारण हेच आहे: कोरड्या हवेत पाणी उडायला जागा असते. निर्वात ही सगळ्यात कोरडी जागा. रात्री पुस्तकं काढून बसलो तर दिसलं की चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या पोशाखातलं शीतयंत्र याच तत्त्वावर चालायचं. सच्छिद्र धातूच्या पत्र्याला मागून पाणी पुरवायचं, निर्वाताच्या बाजूला त्याचा बर्फाचा पातळ थर होतो, तो बर्फ सरळ वाफ होऊन उडतो आणि पोशाखातली उष्णता घेऊन जातो. म्हणजे पाठीवर कूलर बांधूनच ते चंद्रावर फिरले. फक्त पंखा नव्हता आणि गवत बदलायची कटकट नव्हती.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, आणि मग खरी मजा सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, मग यानालाही असाच कूलर लावा. कागद काढला. एक लिटर पाणी उडताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता नेतं. काम करणारा माणूस ३०० वॉट उष्णता सोडतो असं धरलं, तर त्याला लिटरभर पाणी दोन तासांवर थोडं पुरतं. पोशाखासाठी हे परवडतं. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या शीतप्रणालीला ७० किलोवॉटपर्यंत उष्णता फेकावी लागते. तितकी पाण्याने फेकायची तर दिवसाला अडीच हजार लिटर पाणी लागेल. "म्हणजे दोन दिवसाला एक टँकर," भाऊ म्हणाले. उन्हाळ्यात टँकरमागे धावलेल्या माणसांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. म्हणून स्थानकाला ते लांबलचक पांढरे पंखे जोडलेत, म्हणजे फिरणारे नव्हेत, उष्णता सोडणारी सपाट पाती. नळ्यांमधून अमोनिया फिरतो, आतली उष्णता त्या पंख्यांपर्यंत नेतो आणि पंखे ती प्रारणाने अवकाशात सोडतात. २७ अंशांच्या पृष्ठभागाच्या एका बाजूचा एक चौरस मीटर जास्तीत जास्त ४६० वॉट फेकतो. यानाची यंत्रं वाढवलीस की पंखेही वाढवावेच लागतात.

त्या संध्याकाळी यातून तीन गोष्टींची बीजं निघाली. त्यातली एक तर मी विसरूच शकत नाही. लढाईत यानाचे पंखे शत्रूच्या माऱ्यात सापडू नयेत म्हणून कप्तान ते मिटून घेतो. आता आत साठणारी उष्णता कुठेच जात नाही. किती मिनिटं लढता येईल? पारा चढतोय, लहान पोरं रडायला लागलीत, आणि पंखे उघडले तर शत्रूच्या अवरक्त दुर्बिणीत यान दिव्यासारखं लख्ख दिसणार. लपायचं तर शिजायचं, जगायचं तर दिसायचं. ही कोंडी कल्पनेतून आपोआप सुचत नाही, ती उष्मागतिकीच्या नियमातून येते. 'सोड ना, गोष्ट आहे' म्हणून आम्ही तो विषय तिथेच सोडला असता, तर गोष्टच हुकली असती.

म्हणून 'किती आणावं' याचं माझं उत्तर कोणाला विचित्र वाटेल. आमच्या बैठकीत एक नियम आहे: एक थाप माफ, दुसरीचा हिशेब द्या. लेखकाने प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं यान दिलं, दिलं. कालयंत्र दिलं, तेही घेतलं. त्यावर कोणी सापेक्षता सिद्धान्त उगाळायला लागला तर आम्ही त्याला चहा करायला आत पाठवतो. पण ती थाप एकदा मान्य केली की पुढचं सगळं तिच्याशी जुळलं पाहिजे. यान क्षणात आकाशगंगा ओलांडत असेल आणि त्याच गोष्टीत दुसऱ्या ग्रहावर औषध वेळेवर पोचत नाही म्हणून रडारड चालली असेल, तर तिथे बोलायचंच. ही चूक फिजिक्सची नाहीच, लेखकाने स्वतःचं म्हणणं विसरल्याची आहे.

आणि बारीकसारीक चुकांचं? निर्वातात स्फोटाचा आवाज आला, लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान ट्रॅफिकमधल्या ऑटोसारखं वाट काढत गेलं. तो पट्टा पायोनियर १० या यानाने १९७२-७३ मध्ये पहिल्यांदा पार केला आणि त्याला एकाही लघुग्रहाची धडक बसली नाही, इतकी तिथे मोकळी जागा आहे. हे एकदा सांगायचं, हसायचं, पुढे जायचं. गोष्ट त्यावर उभी नसेल तर अर्धा तास घालवू नये.

कशावर उभी आहे हे ओळखायचं कसं? ती चूक मनातल्या मनात दुरुस्त करून बघ, आणि गोष्ट पडते का ते बघ. याचं एक उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे.

आमच्यातल्या एकाने लोणारवर गोष्ट लिहिली. लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्टमध्ये आघाताने झालेलं, हे तुला माहीत असेलच. याची कल्पना छान होती: शिकारी टोळीतली एक मुलगी आकाशातून आग कोसळताना पाहते, ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि शेवटी लवणासुराच्या वधाची कथा होऊन दैत्यसूदनाच्या देवळापाशी येऊन थांबते. वाचून झाल्यावर सगळे गप्प. मग मागून एक मुलगी म्हणाली, "काका, विवराचं वय किती धरलं?" तो म्हणाला, "बावन्न हजार वर्षं, पुस्तकात आहे." ती म्हणाली, "आरगॉनच्या पद्धतीने मोजलं तेव्हा पाच लाख सत्तर हजार आलं."

दोन्ही आकडे खरोखर प्रसिद्ध झालेले आहेत. आधीचा उष्मादीप्तीच्या, म्हणजे खडक तापवल्यावर निघणाऱ्या उजेडाच्या, मोजणीतून आला, नंतरचा आघातात वितळलेल्या खडकातल्या आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून. दहापटीचा फरक. बावन्न हजार धरलं तर पाहणारी मुलगी तुझ्या-माझ्यासारखी माणूस असू शकते. पाच लाख सत्तर हजार धरलं तर आपली जात तेव्हा जन्मलीच नव्हती; होमो सेपियन्सचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतले, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे ही चूक, चूक म्हणायची तर, थेट गोष्टीच्या आढ्यालाच लागत होती. गृहस्थ दोन महिने बैठकीला फिरकले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "तुमच्या विज्ञानाने माझी पोरगी मारली."

तिसऱ्या महिन्यात आले ते नवी गोष्ट घेऊनच. आता पाहणारी मुलगी माणूस नव्हती. नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये जिची कवटी सापडली, तशा प्राचीन मानवांपैकी ती एक, हातात दगडी कुऱ्हाड. ती आग पाहते आणि तिला ती कोणालातरी सांगायची असते. पण सांगायला लागणारी भाषा तिच्याजवळ नाही, आणि तिच्या वंशातलं पुढे ऐकायलाही कोणी उरत नाही. पहिली गोष्ट चांगली होती. दुसरी वाचताना कूलरवाल्या भाऊंनी चष्मा काढून पुसला. आता तिच्या जातीला भाषा नव्हती, हे काही सिद्ध झालेलं नाही. ती लेखकाची एक थाप. माफ.

खरं विज्ञान म्हणजे कडेकोट उत्तरांची पेटी नव्हे, हेही लोणारमुळे सगळ्यांना दिसलं. शास्त्रज्ञांचेच दोन आकडे असतात, आणि दोन्हींमागे पद्धत असते. तेव्हा चर्चेत आकडा सांगताना तो कसा काढला तेही सांगावं. मुलं 'विज्ञान म्हणतं की' अशी सुरुवात करतात तेव्हा मी लगेच टोकतो. कोणी मोजलं, कशाने मोजलं, ते सांग.

चाहत्यांच्या या सवयी बाहेरही उपयोगी पडतात. २०२२ चा गुढीपाडवा, २ एप्रिल. गुढी उतरवून झाली होती, तिन्हीसांजा होऊन गेल्या होत्या, आणि विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले. तू तेव्हा शाळेत असशील, पण आठवत असेल. आमच्या ग्रुपवर मोबाइल गरम होईपर्यंत मेसेज: उल्कावर्षाव, क्षेपणास्त्र, उडती तबकडी, विमान पडलं. तेवढ्यात आमच्यातल्या एका बारावीच्या मुलाने व्हिडिओ पुन्हापुन्हा बघून एवढंच लिहिलं: "हे फार हळू चाललं आहे." सूर्यमालेतून येणारी उल्का पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने शिरू शकत नाही, आणि बहुतेक उल्का पापणी लवेपर्यंत संपतात. हे गोळे एका रांगेत, सावकाश, तुकडे होत जात होते. कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग आठ किलोमीटरच्या आत असतो. म्हणून तो म्हणाला, माणसाने वर पाठवलेलं काहीतरी खाली येतंय. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडल्याची बातमी आली. चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तो टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. त्या मुलाला गणितात जेमतेम मार्क पडायचे. यानांच्या वेगावरून दोन वर्षं भांडून भांडून त्याच्या डोक्यात ते दोन आकडे बसले होते.

मार्कांवरून आठवलं. तू फिजिक्सची आहेस हे बैठकीत सांगू नकोस. सगळ्यांना माहीत असेलच, पण वादात काढू नकोस. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून. कथा कृष्णविवराची होती आणि बक्षीस जगतापांना मिळालं. ज्यांना पदवी मिरवायचा खरा अधिकार होता त्यांनी ती दाराबाहेर ठेवली, मग तुझ्या-माझ्या बीएस्सी-एमएस्सीची काय कथा!

पदवीऐवजी कागद-पेन घेऊन जा. हे मात्र नक्की कर. हिशेब सगळ्यांसमोर, सगळ्यांकडून करवून घे, म्हणजे तो तुझा राहत नाही, बैठकीचा होतो. एक सोपा देतो. गोष्टीतली यानं प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने सर्रास जातात. एक किलो वजन त्या वेगाला न्यायला किती वीज लागेल? वेग सेकंदाला तीन कोटी मीटर, त्याचा वर्ग, त्याचं अर्धं. ४५ वर तेरा शून्यं, एवढे ज्यूल. युनिटमध्ये साडेबारा कोटी. हजार मेगावॅटचं वीज केंद्र रात्रंदिवस चालून दिवसाला दोन कोटी चाळीस लाख युनिट देतं, म्हणजे पाच दिवसांहून जास्त. तेही एका किलोसाठी, आणि काहीच वाया जात नाही असं धरून. एक टन असेल तर चौदा वर्षं. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या आमच्यातल्या सगळ्यांनी पाहिलेल्या, त्यामुळे हा आकडा निघाल्यावर खोलीत कशी शांतता पसरली ते काय सांगू. मग एक आजी म्हणाल्या, "एवढी वीज कोणाच्या वाटची काढली असेल रे त्यांनी?" बघ, फिजिक्सच्या हिशेबातून राजकारणाची गोष्ट निघाली. यान कोणी बांधलं यापेक्षा अंधारात कोण बसलं, ही गोष्ट लिहायला आमच्यातल्या दोघांनी घेतली. एकीची पूर्ण झाली, दुसऱ्याची अजून 'चालू आहे'.

आता तुझ्या डॉक्टरकडे परत येतो, कारण ती अजून दारात अडकली आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात जिम लेब्लँक नावाचा तंत्रज्ञ निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी घेत होता. त्याच्या पोशाखाची हवेची नळी निसटली. तो गोठला नाही, फुटलाही नाही. साधारण चौदा सेकंद शुद्धीत होता, मग कोसळला. कक्षात लगेच हवा सोडली आणि तो शुद्धीवर आला. बेशुद्ध होण्यापूर्वीचं त्याला आठवत होतं ते एवढंच, की जिभेवरची लाळ उकळतेय असं जाणवत होतं. दाब शून्याला आला की पाणी शरीराच्या तापमानालाच उकळतं, त्याचा हा परिणाम.

पुढच्या बैठकीला हे सांग. आणि लगेच विचार: दार उघडलं आहे, डॉक्टर शुद्धीत आहे, तिच्याजवळ चौदा सेकंद आहेत आणि ओरडून उपयोग नाही. ती काय करेल? प्रत्येकाला दहा ओळी लिहायला लाव. घड्याळ लावून चौदा सेकंद मोजूनही दाखव, बसल्या जागी ते किती लांब वाटतात ते कळेल. पोहे मात्र लिहून झाल्यावरच मागव. तर्री समोर आली की आमच्याकडे तरी आजवर कोणी पेन उचललेलं नाही.